दुसऱ्या दिवसाचं पान

प्रिय द्रौपदा,

त्या सकाळी म्हशीची धार काढून झाली होती, डेअरीत दूध घालून हे परत आले होते आणि मी भाकरी थापता थापता यांना सांगत होते की आज टोमॅटोची बांधणी उरकायचीच, नाहीतर झाडं लोळतील. चैत्राचं ऊन, कोवळं असतानाच चटका देणारं. यांनी सुतळीचे तुकडे विळ्यावर कापले, त्यांची जुडी खांद्यावर टाकली, पाण्याची कळशी बांधावर सावलीला ठेवली आणि आम्ही एकाच सरीला दोन बाजूंनी लागलो. तुला माहीत आहे, तार-काठीवर चढलेली बाग असली की पलीकडचं माणूस पुरतं दिसत नाही. पानांतून हात येतो, सुतळी देतो, परत जातो. मी गाठ करकचून मारायची आणि हे पलीकडून म्हणायचे, "बये, सैल मार की. झाड हाय ते, बैल न्हाई." मी म्हणायची, "मग तुमीच मारा." रोजचंच बोलणं. लग्न झाल्यापासून आम्ही बहुतेक एवढंच बोललो असू, फक्त पीक बदलत गेलं. सरी निम्मी झाली आणि पानांतून हात आला नाही.

बघ, लिहायचं होतं पुस्तकांबद्दल आणि पेन निघालं भलतीकडेच. असू दे. खोडत नाही.

फोनवर तू "हं" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र. प्रज्ञा सांगते, "मावशी, आई चहासुद्धा अर्धा टाकते. कुणाशी बोलत नाही. मशीनकडं बघत बसते." पोपटभाऊ गेल्यावर मी लोणीला आले तेव्हाही तू तिथंच बसली होतीस. घर माणसांनी भरलेलं, आतल्या खोलीत बुद्धवंदना चाललेली, आणि तू पोपटभाऊंच्या शिलाई मशीनसमोर. मशीनवर कुणाच्या तरी मुलीचा निळा शाळेचा फ्रॉक होता. एक बाही लागलेली, दुसरी सुईखाली अडकलेली. तू कुणाला त्याला हात लावू देत नव्हतीस. मी शेजारी बसले तर तू माझं मनगट धरून एकच गोष्ट विचारलीस. त्या दिवशी तू दुसरं काहीच बोलली नाहीस. मी तुला पाणी आणते म्हणून उठले आणि आत जाऊन तांब्या शोधत बसले, तांब्या समोर असून. त्या प्रश्नाकडे मी येणार आहे. पण मला सरळ तिथं जाता येत नाही. वाटेत पुस्तकं आहेत.

हे गेल्यावर वर्षभरानं तुझी प्रज्ञा कापडी पिशवी घेऊन आली होती ते तुला आठवत असेल. पिशवीत पुस्तकं. मी म्हटलं, पोरी, मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई, मला हे कशाला? ती म्हणाली, "मावशी, तुम्ही औषधाच्या बाटल्या वाचता की." ते खरं होतं. यांना अक्षर येत होतं पण चष्मा कधी खिशात नसायचा, त्यामुळं फवारणीच्या वेळी बाटली माझ्या हातात. एक एक अक्षर लावत मी शिकले. "विष आहे, मुलांपासून दूर ठेवा" हे मी आयुष्यात स्वतःहून वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य. नंतर खताच्या गोण्या, एसटीच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका. पण आख्खं पुस्तक कसं वाचतात ते मला ठाऊक नव्हतं. मला पुस्तक वाचायची एकच रीत माहीत होती, सप्त्यातल्या पारायणाची. मी तीच धरली. आंघोळ केली, पाट मांडला, समई लावली, पुस्तक चौरंगावर ठेवून त्याच्यावर शेवंतीचं फूल वाहिलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. ओळ गाळायची नाही, मधेच उठायचं नाही, हाती घेतलं की अर्धवट सोडायचं नाही. छापखान्याचा पत्ता वाचला, किंमत वाचली, "सर्व हक्क राखीव" हेही वाचलं.

पिशवीत वर जे होतं ते मी उचललेलं. ते खुनाचं पुस्तक निघालं.

भागू, माझी जाऊ, भिंतीपलीकडून आवाज ऐकून आली. डोक्यावर पदर, हात जोडलेले, येऊन मागं बसली. तिला बघून आळीतल्या आणखी दोघी-तिघी आल्या. पहिल्या दिवशी बंगल्याचं वर्णन होतं, सगळ्या गप्प. दुसऱ्या दिवशी शेठ मेलेला सापडला. भागू हळूच म्हणाली, "आगं बया, ही कसली पोथी? देव कवा येतोय?" मी म्हटलं, "इन्स्पेक्टर आलाय, देव बी येईल." मधेच बंद तर करता येईना, अर्धी पोथी ठेवायची नसते. मग रोज दुपारी त्या सगळ्या यायच्या. कुणी म्हणायची स्वयंपाक्यानं मारलं, कुणी म्हणायची भाच्यानं. भागू पहिल्यापासून डॉक्टरच्या मागं लागलेली. "त्योच हाय. सारखा हात धुतोय, बघा न्हाई तर." आणि द्रौपदा, डॉक्टरच निघाला! भागू त्या दिवशी अशी चालत घरी गेली की जणू तिनंच बेड्या घातल्या. समाप्तीला आम्ही शिरा केला.

तू हसशील म्हणून लिहिलं. पण मला त्यात हसू नाही आलं गं, मी थक्क झाले होते. ज्याला मी कधी पाहिलं नाही असा एक माणूस कुठल्या तरी खोलीत बसतो, न घडलेली गोष्ट घडली म्हणून लिहितो, आणि इकडं ओझरात भागूचं दूध चुलीवर उतू जातं. ती हलत नाही. हे काय आहे? ही कुठली ताकद आहे? मी रात्रंदिवस राबून एवढं मोठं काही केलेलं नाही. फक्त एक गोष्ट मला त्या पुस्तकात खटकत राहिली. त्या शेठची बायको होती. नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर बंगल्यावर येतो तेव्हा लिहिलंय, ती खिडकीशी उभी होती. बस, एवढंच. मग इन्स्पेक्टर आपल्या कामाला लागतो. मी मनात म्हटलं, खिडकीशी किती वेळ उभी राहील? कुणी तिला पाणी दिलं का?

नंतरचं पुस्तक ताऱ्यांचं होतं. शाळेतल्या मुलांसाठीचं, चित्रांचं, पण मला तेच झेपलं. त्यात लिहिलंय की उजेडालाही वाटेत वेळ लागतो. काही तारे इतके लांब आहेत की त्यांचा आज दिसणारा उजेड लेण्याद्रीचा डोंगर कोरत होते तेव्हा निघालेला आहे. हे वाचून मी अंगणात जाऊन उभी राहिले तर मला चक्कर आल्यासारखं झालं. मग पुढं लिहिलंय, सूर्य जवळ आहे, त्याचं ऊन आठ मिनिटांत पोचतं. द्रौपदा, या वाक्यावर मी थांबले. पारायण मोडलं. कारण मी हिशोब केला. हे सरीत खाली बसले तेव्हा यांच्या पाठीवर जे ऊन पडलं ते सूर्याकडून निघालं तेव्हा हे बोलत होते. "झाड हाय ते, बैल न्हाई" म्हणत होते. ते ऊन जिवंत माणसाकडे यायला निघालं होतं. आता यात काही समाधान आहे असं पुस्तक म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण इतकं मोठं काही आहे आणि त्यात आमची सरीसुद्धा बसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी अंगणात ऊन घेत बसले. नुसती.

बर्फाच्या मुलखात गेलेल्या माणसांचं पुस्तक भागूला लई आवडलं. त्यात एक पक्षी आहे, त्याची मादी अंडं घालून समुद्रावर निघून जाते आणि नर ते अंडं पायांवर घेऊन दोन महिने अंधारात, बर्फात, उपाशी उभा राहतो. भागू घरी जाऊन माझ्या दिरांना म्हणाली, "जेवायचं ताट आयतं लागतं तुमाला, जरा त्या पाखराकडं बघा." दीर विचारत आले, वहिनी, कुठलं पाखरू, कुणाचं काय? त्या प्रवासात एक माणूस दगावतो. बाकीचे त्याला बर्फात पुरतात आणि दुसऱ्या दिवशी लिहिलंय की त्यांनी थंडी किती आहे ते मोजलं आणि पुढं चालू लागले. हे मला खरं वाटलं. निदान त्यांनी काहीतरी केलं. पण त्यांना वाटेत थांबून चालणार नव्हतं, आणि आपलं तसं नसतं. आपल्याला कुठं जायचंच नसतं.

कवितांचं पुस्तक बघून मला आधी वाटलं छापखान्यानं फसवलं. एवढा महागाचा कागद आणि निम्मं पान कोरं! ओळ सुरू होते आणि मधेच तुटते. मी मोठ्यानं वाचलं तर भागू म्हणाली, "पुढं?" मी म्हटलं, पुढं नाही. ती उठून गेली. मग मी एकटीनं वाचत राहिले. एका बाईनं आईच्या चाळणीवर लिहिलं होतं, एवढुशी कविता. ती वाचून झाल्यावर डोळे आपोआप त्या कोऱ्या जागेवर गेले आणि तिथंच राहिले. आणि त्या कोऱ्या जागेत मला माझ्या आईची चाळणी दिसली, कडेला तारेनं शिवलेली. पुस्तकात तारेचं काहीच नव्हतं. म्हणजे ती जागा त्या बाईनं माझ्यासाठी सोडली होती. एवढा उदारपणा! आपण वावर विकताना बांधाची बोटभर माती सोडत नाही.

आता त्या पुस्तकाचं सांगते, ज्याच्यामुळं मी प्रज्ञाशी भांडले. जाडजूड कादंबरी, एका घराची. त्यातल्या सगुणा नावाच्या बाईवर माझा जीव जडला होता. ती भांडकुदळ होती, खरं सांगायचं तर तुझ्यासारखी. तिचा नवरा विहिरीच्या कामावर जातो आणि घरी त्याला आणतात तेव्हा तो नसतो. ते पान मी वाचूच शकेना. कसंबसं वाचलं. सगळ्या बायका मागं रडत होत्या. मी पान उलटलं तर वर लिहिलेलं, "तीन वर्षांनी." आणि सगुणा आपली मुलीच्या लग्नाचे पापड लाटतेय! मला वाटलं, बांधणीत मधली पानं गळली. मी पानांचे आकडे बघितले, ते बरोबर लागोपाठ होते. तरी मी प्रज्ञाला फोन केला की तू मला फाटकं पुस्तक दिलंस, मधला भाग कुठाय? ती म्हणाली, "मावशी, असंच असतं. लेखक मधला काळ सोडतात." मी म्हटलं, सोडतात म्हणजे? तीन वर्षं सोडा की, माझी हरकत नाही. पण दुसरा दिवस कसा सोडतील? त्या बाईनं दुसऱ्या दिवशी काय केलं ते मला नको कळायला?

 तेव्हा पोपटभाऊ होते. त्यांनी मागून विचारलेलं मला फोनवर ऐकू आलं, "काय म्हणतीय ओझरची पोथीवाली?" असे हसले होते.

आणि मग या ज्येष्ठात तू माझं मनगट धरलंस आणि तेच विचारलंस. "बया, दुसऱ्या दिवशी तू काय केलं व्हतंस?"

लोणीहून घरी आल्यापासून मी आधी वाचलेलं सगळं परत चाळलं. वाटलं, एवढी शिकलेली, एवढी खोल माणसं, कुणीतरी दुसऱ्या दिवसाचं पान लिहिलं असेल, तेच तुला पाठवू. सापडलं नाही. म्हणजे मी वाचली ती पुस्तकं तरी किती! कुठंतरी असेलही. पण शोधताना पिशवीच्या तळाशी एक पातळ पुस्तक मिळालं, जे मी आधी शाळेचं समजून बाजूला ठेवलं होतं. आपल्या जुन्नरच्या लेण्यांमधल्या कोरीव अक्षरांचं. त्यात काय आहे सांगू? लेण्याद्रीच्या डोंगरात, पाण्याच्या टाक्यापाशी, दोन बायकांची नावं कोरलेली आहेत. अमक्याची बायको ती आणि तमक्याची बायको ती, दोघींनी मिळून ते टाकं दान दिलं. दोन हजार वर्षांपूर्वी. मला आधी खरंच वाटेना. आपण दोघी माहेरी असताना त्या पायऱ्या किती वेळा चढलो! मी गणपतीला जायची, तू तुझ्या बाबांबरोबर लेणी बघायला. तू म्हणायचीस, आमच्या बुद्धाच्या घरात तुमचा गणपती भाड्यानं राहतोय. मी म्हणायची, मग जा, भाडं मागून बघ. आणि दमलो की टाक्यांवर वाकून आपापली तोंडं बघायचो. त्या बायकांच्या नावांच्या शेजारी उभ्या राहून, द्रौपदा! आणि आपल्याला पत्ता नाही.

मी मागच्या आठवड्यात जाऊन आले. गुडघे कुरकुरले, पण गेले. ती अक्षरं मला वाचता आली नाहीत, औषधाच्या बाटलीवरची नाहीत ती. नेमकी कुठली, तेही कळलं नाही. तिथल्या राखणदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, दर्शन त्या बाजूला." पण मी टाक्याशी उभी राहिले. पाणी काळंभोर आणि गार. त्या दोघी कशा दिसत असतील, एकमेकींच्या कोण असतील, सुखात होत्या की दुःखात, काही लिहिलेलं नाही. मैत्रिणी असतील असं मी आपलं ठरवलं. त्यांनी मोठं काही सांगितलं नाही. वर येणारं माणूस तहानलेलं असणार एवढं त्यांना कळलं, आणि पाणी ठेवलं. मी तुझ्यासाठी तांब्या शोधत बसले होते ते मला तिथं आठवलं आणि लाज वाटली.

गुरुवारी मी येते आहे. एसटीनं मंचरपर्यंत, पुढं प्रज्ञा घ्यायला येईल. येताना खुनाचं पुस्तक आणते. तू ऐकू नकोस, मी वाचीन. डॉक्टरचं नाव मात्र कुणापुढं घेऊ नकोस, लोणीच्या बायकांची मजा जाईल. आणि प्रज्ञा, हे पत्र आईला तू वाचून दाखवत असशील तर ओळ गाळू नकोस.

आता तू विचारलंस ते. छापलेलं पान मिळालं नाही, म्हणून माझ्याजवळचं पाठवते. त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं. सकाळी पुरुष माणसं सावडायला गेली. घरात बायका भरल्या होत्या, कुणी कडू घास आणला होता, कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवत होतं. सुतकात वावरात पाय टाकायचा नसतो, त्यातून मी तर उंबऱ्याबाहेरही जायचं नव्हतं. मी बाहेर जाऊन येते म्हणाले आणि मागल्या दारानं बागेत गेले. कळशी बांधावर तशीच होती. सुतळीची जुडी सरीत पडलेली होती. भागूनं मला पाहिलं. वाटलं, आता ओरडेल. ती बांधावर आली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, कुणी येताना दिसलं तर खोकायला. कुणी आलं नाही. मी राहिलेली अर्धी सरी बांधली. गाठी सैल मारल्या.

तुझीच,
बया